पारसनीस: ना पारशी, ना परीसवाले

माझं आजोळ पारसनीसांचं. त्यामुळे आडनावांच्या उगमाविषयीचा कुठलाही मेसेज फिरायला लागला की तो तीन-चार बाजूंनी माझ्यापर्यंत येऊन पोचतो. गेल्या महिन्यात आलेल्या मेसेजचा ऐवज असा: पारसनीस मूळचे पर्शियातून आलेले. नाहीतर मग ‘पारस’ म्हणजे परीस, म्हणून ते सोन्याची पारख करणारे. ‘नीस’वाली सगळी घराणी मोगलांच्या चाकरीतली. ही आडनावं इंग्रजांनी खानेसुमारीसाठी चिकटवली. आणि आडनाव इतकं दुर्मीळ, की जगातले सगळे पारसनीस एकाच मूळपुरुषाचे वंशज. खाली हात जोडलेले आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. मामाने पाठवलाही.

पर्शियापासून सुरू करते, कारण त्यात गुंजभर खरं आहे. ‘नवीस’ म्हणजे फारसीत लिहिणारा. फारसीनवीस म्हणजे फारसी लिहिणारा कारकून, आणि बोलता बोलता झिजून त्याचा झाला पारसनीस. दरबारात आलेला फारसी खलिता वाचायचा, धन्याला मराठीत समजावायचा, उत्तर फारसीत लिहून द्यायचं, हे त्याचं काम. ‘फ’चा ‘प’ कसा झाला म्हणाल, तर ‘पारसी’ हेच त्या भाषेचं जुनं नाव. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथे ‘फारसी’ झालं. संस्कृतातही ‘पारसीक’च आहे. तेव्हा पर्शियाशी नातं आहे, पण ते भाषेपुरतं, रक्ताचं नव्हे. इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना आपण इंग्रज म्हणत नाही.

परीसवाल्या व्युत्पत्तीवर फार शाई घालवायला नको. एक तर मराठीत तो परीस. ‘पारस’ हे हिंदी रूप. दुसरं म्हणजे परीस लोखंडाचं सोनं करतो, सोनं पारखतो तो कसोटीचा दगड. मेसेज लिहिणाऱ्याने दोन दगडांची अदलाबदल केली आणि उरलेल्या ‘नीस’चं काय करायचं ते त्याला सुचलं नाही, म्हणून ते सोडून दिलं.

त्या ‘नीस’मध्येच खरी गंमत आहे. ही आडनावं एकाखाली एक लिहून बघा. चिटणीस, फडणीस, कोटणीस यांत ‘ण’ आहे. पारसनीस, सबनीस, पोतनीस, जमेनीस, वाकनीस यांत ‘न’. आधी ‘ट’ किंवा ‘ड’ आला की जीभ टाळ्याकडे वळलेलीच असते, तिथून ती ‘ण’वर उतरते. ‘स’, ‘ब’, ‘त’नंतर तिला तशी गरज पडत नाही. टिपणीसातला ‘ण’ मात्र ‘टिपण’ या शब्दातलाच, पुढचा ‘न’ त्यात बुडाला. कारखानीसाचंही तेच: कारखाना आणि नीस, दोन ‘न’ हवेत कशाला? आणि हेही पाहा की चिठ्ठी, टिपण, कोट हे शब्द इथलेच. म्हणजे फारसी प्रत्यय आपण घरच्या शब्दांना बिनदिक्कत जोडत होतो. आजही पक्षाचा सरचिटणीस नेमला जातो, तेव्हा त्यातलं फारसी कोणाच्या कानाला टोचत नाही.

याच मेसेजच्या एका लांबलचक आवृत्तीत ‘नीस’ दीर्घ लिहिणारे खरे आणि ‘निस’ ऱ्हस्व लिहिणारे नंतरचे, असंही घुसडलंय. जुनी दप्तरं मोडीत आहेत आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळलेला नसतो. तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर तुमची वेलांटी शोधायला जाऊ नका.

आता मोगलांची चाकरी. शिवछत्रपतींच्या किल्ल्यावर हवालदार आणि सरनोबत यांच्या जोडीला सबनीस आणि कारखानीस असत. सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि सामानसुमान. हे काय मोगलांचे नोकर? १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी प्रधानांची नावं संस्कृतात आली: वाकनिसाचा मंत्री झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही त्याच काळातला. तरी चिटणीस आणि सबनीस कायम राहिले. आणि शब्द बदलले म्हणून फारसीची गरज संपली नव्हती. आग्रा-दिल्लीशी, विजापूर-गोवळकोंड्याशी पत्रव्यवहार करायचा तर तो फारसीत. जिझिया कराविरुद्ध औरंगजेबाला लिहिलेलं प्रसिद्ध पत्र फारसीतच आहे आणि ते नीळ प्रभू मुनशींच्या हातचं मानलं जातं. समोरच्याला त्याच्या भाषेत सुनावायला आपल्या पदरी माणूस लागतो, तो हा.

इंग्रजांनी आडनावं दिली, हे तर सगळ्यात लाडकं विधान. नाना फडणीस १८०० साली वारले. पेशवाई बुडाली १८१८मध्ये. पहिली खानेसुमारी त्यानंतर अर्धशतकाने. नानांचं नाव बाळाजी जनार्दन, आणि मूळ आडनाव भानू. फडणिशी त्यांच्या आजोबांपासून घरात आली आणि भानू मागे पडलं. शिवकाळातले बाळाजी आवजी मूळचे चित्रे, चिटणिशी मिळाली आणि पुढची पिढी चिटणीस झाली. म्हणजे कामाने जुनं आडनाव पुसून टाकणं हा प्रकार साहेब गादीवर बसायच्या कितीतरी आधीचा. साहेबाच्या काळात शाळेच्या पटावर आणि कोर्टाच्या कागदावर नाव, बापाचं नाव, आडनाव ही चाल पक्की झाली, ज्यांच्यात आडनाव लावायची रीत नव्हती त्यांच्यातल्या अनेकांना ती लावून घ्यावी लागली, हे कबूल. पण पक्कं करणं वेगळं आणि देणं वेगळं.

राहिला मूळपुरुष. पाटील गावागावाला, कुलकर्णीही तसाच. परगण्याला देशमुख, देशपांडे. पण फारसी लिहिणारा लागायचा तो दरबाराला किंवा मोठ्या सरदाराला, आणि तोही एखाद-दुसरा. जागाच कमी, म्हणून आडनाव कमी. त्यात वंशाच्या प्राचीनतेचा काही संबंध नाही. उलट, वेगवेगळ्या दरबारांत वेगवेगळ्या घरांना तेच काम मिळालं की तीच आडनावं स्वतंत्रपणे उगवतात. सगळ्या चिटणिसांची जात तरी एक कुठे आहे? माझ्या मावसबहिणीचं लग्न पारसनिसांकडेच झालं, आणि तिची आईही लग्नानंतर पारसनीसच राहिलेली. एवढं कशाला, गोत्रंही तिन्ही घरांची वेगळी. पत्रिकेच्या प्रुफात छापखान्याने ‘पारसनीस’ एकाच ठिकाणी ठेवलं होतं, बाकीचे चुकून पडलेत समजून. फोन करून परत घालून घ्यावे लागले.

‘जगात इतकेच पारसनीस’ असा आकडा मेसेजमध्ये आहे तो नावांच्या वेबसाइटवरून उचललेला दिसतो. आपल्याकडे जनगणनेत नाव विचारतात, पण आडनावांची मोजदाद छापत नाहीत. मग उरतात रोमन लिपीतल्या कुठल्या कुठल्या याद्या, आणि रोमनमध्ये हे एकच आडनाव चार प्रकारे लिहिलं जातं. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांचंच बघा. ज्यांनी ‘इतिहाससंग्रह’ चालवलं, किंकेड साहेबाबरोबर मराठ्यांचा इंग्रजी इतिहास लिहिला, जुन्या कागदांसाठी आयुष्य घालवलं, ते स्वतःच्या इंग्रजी पुस्तकावर एका स्पेलिंगने आहेत आणि परदेशी ग्रंथालयांच्या यादीत लिप्यंतराच्या नियमाने शेवटी ‘अ’ लागून ‘पारसनीसा’ झालेत. संगणकाच्या लेखी ही दोन माणसं, दोन आडनावं.

१८३७ साली कंपनी सरकारने फारसीची राजभाषेची जागा काढून घेतली. तोवर इकडच्या फारसीनवीसांचं काम जवळजवळ संपलंच होतं. माझ्या आजोळच्या चार पिढ्यांत कोणालाही फारसीचं एक अक्षर येत नव्हतं. मामालाही येत नाही. त्याला हे सगळं लिहून पाठवलं, तर उत्तर आलं: ‘छान. पण पुढे पाठवायला जरा लांब आहे.’