ब्राउन खटला: शाळा एका निकालानं बदलल्या नाहीत

सरकारी शाळांत काळ्या-गोऱ्या मुलांना वेगळं ठेवणं घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ब्राउन खटल्याची एक गोष्ट समाजमाध्यमांवर नेहमी फिरते. ‘सर्व माणसं समान’ असं अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्यापासून लिहिलेलं होतं, कॅन्ससमधल्या एका वडिलांनी मुलीसाठी केस लढवली, 1954 साली नऊ न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला आणि काळी-गोरी मुलं एका वर्गात बसू लागली. यातलं साल आणि एकमत बरोबर आहे. बाकीची मांडणी चुकीची आहे, आणि तिच्यामुळे ज्यांनी हा बदल घडवला तीच माणसं गोष्टीतून गळून पडतात.

आधी राज्यघटनेचं पाहू. समानतेचं ते वाक्य 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं. 1787 च्या राज्यघटनेत ते नाहीच. तिथं प्रतिनिधींच्या जागा ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली होती, पळालेला गुलाम मालकाला परत करायची सक्ती होती आणि गुलामांच्या आयातीवर 1808 पर्यंत बंदी घालायला काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, मनाई होती. कायद्याचं समान संरक्षण घटनेत आलं ते यादवी युद्धानंतर, 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीनं. तरीही 1896 मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे वैध ठरवले. विरोधात एकटे न्यायमूर्ती हार्लन. 1954 साली न्यायालयानं शाळांपुरती दुरुस्त केली ती स्वतःचीच चूक.

‘एका वडिलांची केस’ हेही अर्धवट. ऑलिव्हर ब्राउन हे कॅन्ससमधल्या टोपेका शहरातल्या, खटला भरणाऱ्या तेरा पालकांपैकी एक होते. त्यांच्या खटल्यासोबत साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि डेलावेअरमधले खटले चालले, आणि राजधानी वॉशिंग्टनच्या खटल्याचा निकाल त्याच दिवशी वेगळा दिला गेला. साउथ कॅरोलायनातल्या पालकांची सुरुवातीची मागणी मुलांसाठी फक्त एका बसची होती. खटल्यात नाव आलं म्हणून हॅरी ब्रिग्ज आणि त्यांच्या पत्नीला नोकऱ्या गमवाव्या लागल्या. व्हर्जिनियात, प्रिन्स एडवर्ड काउंटीत, 16 वर्षांच्या बार्बरा जॉन्सनं एप्रिल 1951 मध्ये शाळेत संप घडवून आणला, कारण जास्तीची मुलं डांबरी कागदाच्या शेडमध्ये बसवली जात होती. तिचं नाव या मजकुरांत कधीच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. आणि वकिलांची तयारी? चार्ल्स ह्यूस्टन आणि थर्गूड मार्शल 1930 च्या दशकापासून काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारणाऱ्या विद्यापीठांविरुद्धचे खटले एकेक करून जिंकत आले होते.

सगळ्यात मोठी चूक ‘बसू लागली’ या शब्दांत आहे. 1954 च्या निकालात अंमलबजावणीचा आदेशच नव्हता. तो 1955 मध्ये आला, पण मुदतीशिवाय. दक्षिणेतल्या राजकारण्यांनी त्या पळवाटेचा पुरेपूर फायदा घेतला. 1956 मध्ये काँग्रेसच्या 101 सदस्यांनी निकालाविरुद्ध जाहीरनाम्यावर सह्या केल्या. 1957 मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकला नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोहोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावं लागलं. प्रिन्स एडवर्ड काउंटीनं तर 1959 ते 1964 सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. बार्बराच्या गावातली कितीतरी काळी मुलं वर्षानुवर्षं शाळेविना राहिली. निकालाला दहा वर्षं होत आली तरी दक्षिणेतल्या 11 राज्यांत गोऱ्या मुलांसोबत शिकणारी काळी मुलं शंभरात जेमतेम एक होती.

आकडे हलले ते 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर. भेदभाव करणाऱ्या शाळांचं केंद्रीय अनुदान रोखता येऊ लागलं, आणि 1965 पासून ते अनुदान इतकं वाढलं की ते गमावणं परवडेना. 1968 च्या ग्रीन खटल्यात ‘पालकांनी हवी ती शाळा निवडावी’ ही सबबही न्यायालयानं पुरेशी मानली नाही. मग काही वर्षांतच दक्षिणेतलं चित्र पालटलं.

याचा अर्थ ब्राउनचा निकाल निरुपयोगी होता असा मुळीच नाही. त्याच्याशिवाय पुढच्या खटल्यांना आधारच उरला नसता. पण तो आधारही पुढे आक्रसला. 1974 मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी उपनगरांना शाळांच्या एकत्रीकरणाच्या योजनेतून वगळलं. गोरी कुटुंबं उपनगरांत गेलेली असल्यानं शहरातल्या शाळा काळ्या मुलांच्याच राहिल्या. तेव्हा न्यायाधीश असलेल्या थर्गूड मार्शल यांनी त्या निकालाविरुद्ध मत लिहिलं.