दोन लॅप उरल्या होत्या, तरी गाडी का थांबवली

रविवारच्या कार शर्यतीत मी मध्येच गाडी थांबवली, आणि त्या संध्याकाळपासून एकच प्रश्न येतोय. "दोनच तर लॅप होत्या, ओढायची ना तशीच. तिसरी होतीस!" विचारणारे सगळे माझेच लोक आहेत आणि माझ्यासाठीच हळहळतायत, हे मला कळतं. पण प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. लांबेल.

सुरुवात शनिवारी सकाळीच झाली. सरावाची तिसरी लॅप, लांब सरळ पट्टा संपत आला, ब्रेकवर पाय दिला आणि पेडल थेट खाली. दोनतीनदा भराभर मारलं तेव्हा कुठे थोडा ब्रेक लागला. तोवर गाडी वळण सोडून बाहेरच्या मोकळ्या जागेत गेली होती. कशाला धडकली नाही.

ब्रेक गेला, याला मी नशीब म्हणणार नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की हीच हमी 155 अंशांवर येते. रस्त्यावरच्या गाडीला तेवढं पुरतं, ट्रॅकवर नाही. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. म्हणजे पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यात जातो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. माझ्या गाडीत मागच्या मोसमातलं ऑइल होतं. वहीत "बदलायचं" अशी नोंद आहे, अक्षर माझंच आहे. भावाने एका शब्दाने बोल लावला नाही. चारही चाकांपाशी पाळीपाळीने बसून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, नवं ऑइल भरलं. जुनं ऑइल बाटलीत काळपट दिसत होतं.

दुपारी क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीत कुणी कुठून निघायचं ते वेळेवरून ठरवणारी फेरी. पहिल्याच वळणात गॅस दिल्यावर डाव्या पुढच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी चालवणारा हा आवाज झोपेतही ओळखेल. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, येऊन चाक काढलं तर रिमच्या आतल्या बाजूला सगळीकडे ग्रीस उडालेलं. सीव्ही जॉइंट म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा सांधा, त्याचा रबरी बूट क्लॅम्पच्या कडेने फाटला होता आणि आतलं ग्रीस केव्हाच बाहेर फेकलं गेलं होतं. कोरडा जॉइंट किती टिकणार? वेळ न नोंदवता क्वालिफाइंग संपलं. म्हणजे रविवारी शेवटची रांग.

आमच्याकडे जादा शाफ्ट नव्हता. शेजारच्या पिटमधल्या गृहस्थांनी त्यांचा काढून दिला. ते माझ्याच वर्गात धावतात, गुणतक्त्यात माझ्या एक जागा वर आहेत. मी त्यांच्याकडे मागायला गेलेही नव्हते. आवाज त्यांनी भिंतीजवळ उभं राहून ऐकला होता आणि मी परत येईपर्यंत शाफ्ट फडक्यात गुंडाळून तयार ठेवला होता. "आधी लाव, मग बोलू," एवढंच म्हणाले. या खेळात मी का आहे असं कुणी विचारलं, तर मला ते फडकं आठवेल.

शाफ्ट बदलायला रात्र झाली. हब नट इतका आवळून बसला होता की भावाने पान्यावर लांब पाइप चढवला आणि मी ब्रेक दाबून धरला, तेव्हा कुठे तो एक कच्चकन आवाज करून सुटला. खालचा बॉल जॉइंट सोडवला, नकल बाजूला ओढलं, जुना शाफ्ट गिअरबॉक्समधून उपसला. त्यामागून गिअर ऑइलची धार थेट बाहीत. नवा शाफ्ट बसवताना टोकाची सर्क्लिप आत बसल्याची ‘टक्’ ऐकू यायला हवी. ती ऐकू येईपर्यंत आम्ही दोघं गाडीखाली श्वास रोखून होतो. शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, लावून भावाने विचारलं, "ताई, तू मोजलंस की मी मोजू?" दोघांनी मोजलं.

रविवारची पहिली शर्यत चांगली झाली. शेवटच्या रांगेतून निघून आठवी आले. पाचव्या लॅपला पुढच्या गाडीचं चाक खडीत उतरलं आणि दगडांचा मारा आला. एक दगड समोरच्या काचेवर बसला, चांदणीसारखी चीर पडली. संपल्यावर आम्ही काच नीट तपासली, चिकटपट्टी लावली, तपासनिसाला दाखवली. सगळ्यांचं लक्ष काचेकडे. बंपरच्या जाळीमागे इंजिनचं ऑइल थंड करणारा कूलर आहे, तिथे टॉर्च मारून बघायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

दुसरी शर्यत दहा लॅपची. पहिल्याच वळणावर माझ्या पुढच्या तीन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि मी आतून निघून गेले. नशीब म्हणायचंच असेल तर ते इथे होतं, आणि ते माझ्या बाजूने होतं. मग दोघांना ब्रेकिंगवर गाठलं. सहाव्या लॅपला मी तिसरी होते. आजवर पहिल्या तिघांत मी कधीच आलेली नाही.

सातव्या लॅपला उजवीकडच्या लांब वळणात ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला. अर्धा सेकंद असेल. सरळ रस्त्यावर आल्यावर विझला.

आठव्या लॅपला त्याच वळणात पुन्हा लागला, आणि या वेळी वळण संपेपर्यंत विझला नाही.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. लांब वळणात इंजिनच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल एका बाजूला चढतं. पातळी भरलेली असेल तर पंपाच्या तोंडाशी तरीही ऑइल राहतं. पातळी खाली गेली असेल तर पंप हवा ओढतो. म्हणून दिवा आधी वळणातच लागतो. सरळ रस्त्यावर विझला म्हणजे दुखणं गेलं असं नसतं. सहा हजार आरपीएमला क्रँक, म्हणजे इंजिनमधला मुख्य फिरता दांडा, सेकंदाला शंभर वेळा फिरतो. तो आणि त्याची बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो, तो काही मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. तो थर गेला की धातू धातूवर घासतो. बेअरिंग जाम झालं की पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. मग उरलेलं सगळं गरम ऑइल एका क्षणात ट्रॅकवर, माझ्याच मागच्या चाकांखाली आणि मागून पूर्ण वेगात येणाऱ्यांच्या समोर. त्या मागच्यांमध्ये शाफ्ट देणारे गृहस्थही होते.

इंजिन माझं आहे, ते जाळायचा हक्क माझा आहे, असं कुणी म्हणेल. ट्रॅक मात्र माझा एकटीचा नाही. काळ्या झेंड्यावर नारिंगी गोल दाखवून अधिकारी गाडी आत बोलावतात, ते त्यांना बाहेरून काही दिसलं तर. माझा दिवा फक्त मला दिसत होता. म्हणून तो झेंडा मीच मला दाखवायचा होता.

क्लच दाबला, इंजिन बंद केलं. स्टीअरिंग लगेच जड झालं. वळणाच्या आतल्या बाजूने घरंगळत, कठड्याच्या मोकळ्या तोंडातून मार्शलच्या, म्हणजे ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, चौकीमागे जाऊन थांबले.

निकालपत्रकावर माझ्या नावापुढे "तांत्रिक बिघाड" छापलंय. ते वाचून मला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडा आठवला. 1976 साली जपानमध्ये फुजीला मोसमाची शेवटची शर्यत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत नुर्बुर्गरिंगला तो जळत्या गाडीतून वाचला होता आणि सहा आठवड्यांत परत गाडीत बसला होता. फुजीला मुसळधार पाऊस. दोन लॅप करून त्याने गाडी पिटमध्ये आणली आणि उतरला. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट तिसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला, 69 विरुद्ध 68. लाउडाच्या संघाची इंजिन बिघडल्याचं सांगायची तयारी होती. त्याने ते नाकारलं, थांबण्याचा निर्णय आपला आहे असंच सांगितलं. कुठे तो, कुठे मी, ही बरोबरी मी करत नाहीये. पण थांबणं हेही गाडी चालवण्यातलंच एक काम आहे, आणि ते चालवणाऱ्याच्या नावावर लिहिलं जावं, एवढं मला मनापासून वाटतं. बिघाड कूलरला झाला होता. गाडी मी थांबवली.

सोमवारी भावाने चेंबर खोललं. चार लिटर ऑइल असायला हवं होतं, निघालं दीड लिटरच्या आसपास. कूलरच्या खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं भोक. बेअरिंग काढून त्याने खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. बारीक रेघा होत्या, खालचा तांब्याचा थर उघडा पडला नव्हता. क्रँक वाचला. भाऊ बराच वेळ ती बेअरिंग बोटाने चाचपत बसला होता.

तर, न मारलेल्या दोन लॅपची मला खंत नाही. खंत आहे ती सातव्या लॅपनंतर मारलेल्या त्या एका लॅपची. पहिल्यांदा दिवा लुकलुकला तेव्हाच मला कळलं होतं. तिसरा नंबर समोर दिसत होता, म्हणून "सेन्सर असेल" असं मी स्वतःला सांगितलं आणि गॅसवरचा पाय उचलला नाही. अडीच लिटर ऑइल कुठेतरी गेलंय. बरंचसं खालच्या पत्र्यावर साचलेलं सापडलं, सगळं नाही.

पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा घसरणीचा झेंडा त्या शर्यतीत कुठे दाखवला गेला नाही, हे मी मार्शलना विचारून घेतलंय. तरीही, सातव्या-आठव्या लॅपला उजवीकडच्या त्या लांब वळणात किंवा त्याच्या पुढे ज्यांची गाडी घसरली असेल, त्यांनी मला सांगा. रागाने सांगितलंत तरी चालेल. मला ते माहीत असायला हवं.