नऊ नंबरची जर्सी

आज इथं पुण्यातल्या ऑफिसात डोकं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही, म्हणून इथं लिहितेय, लांबलं तर लांबलं.

पुढच्या शुक्रवारी ऑफिसात गावागावांचे स्टॉल लावायचेत. कोल्हापूरचा माझ्याकडे. मिटिंगला गेले तर आधीच सगळं ठरलेलं, तांबडा-पांढरा, मिसळ, चार चपला टांगायच्या, आणि फेटा बांधून एक पोरगा दारात उभा करायचा, येईल त्याला त्यानं 'काय भावा' म्हणायचं. मी म्हटलं फुटबॉल ठेवूया, गवई अल्लादियाखाँसाहेबांचा फोटो लावूया, चित्रकार आबालाल रहिमानांची रंकाळा तलावाची चित्रं लावूया. तर एकजण हसलाच. "फुटबॉल? कोल्हापुरात? ते गोवा-केरळ-बंगाल ना?" आणि दुसरी म्हणाली, गाणं वगैरे पुण्याच्या स्टॉलवर आहे की.

पुण्याच्या स्टॉलवर आहे की!

मी मंगळवार पेठेतली. आप्पा बोर्ड रंगवायचे, दुकानांचे, ट्रकांचे, आणि सीझन आला की पेठेच्या टीमच्या जर्सीवरचे नंबर. तेव्हा छापून मिळत नव्हते हो, मिळत असतील तर आमच्या मंडळाला परवडत नव्हते. जुन्या एक्स-रेच्या फिल्मा कापून आप्पांनी स्टेन्सिल केलेल्या, कुणाच्या तरी बरगड्यांत आठ नंबर, कुणाच्या गुडघ्यात पाच. सहा आणि नऊला एकच स्टेन्सिल, उलटी केली की झालं. मी चौथीत असताना फायनलच्या आदल्या रात्री आप्पा नंबर घालत बसलेले, मी स्टेन्सिल दाबून धरायला, रेडिओवर नाट्यसंगीत, आणि आई वाचन मंदिरातनं आणलेलं खांडेकरांचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती, कारण आप्पांचे हात रंगात, त्यांना पान उलटता यायचं नाही. आई सातवी शिकलेली. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे, तिथनं पुस्तक आणणं ही आमच्याकडं भाजी आणण्यासारखी गोष्ट होती, त्याचं कुणाला विशेष वाटत नव्हतं.

एवढ्याशा खोलीत सगळं होतं. हेच मला त्या मिटिंगमध्ये सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही, घसा भरून आला.

आमच्याकडं फुटबॉल तालमीतनं आला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, नावं बघा की. जिथं पैलवान माती अंगाला लावायचे तिथलीच पोरं शाहू स्टेडियमवर बूट घालून उतरली. कुस्ती तीच तालीम करणार, गणपती तीच बसवणार, आणि टीमही तिचीच. मॅचच्या दिवशी अर्धी पेठ गॅलरीत असते. गडहिंग्लजला जाऊन बघा, तिथंही तेच वेड. २०१७ ला अंडर-सेव्हन्टीन वर्ल्ड कप आपल्या देशात झाला तेव्हा भारताच्या टीममध्ये अनिकेत जाधव होता, कोल्हापूरचा, आणि हे विचारतात कोल्हापुरात फुटबॉल?

हो, भांडणं होतात. दगड पडलेत, मॅच बंद पडल्यात, मान्य. पण तेवढंच बघून अख्ख्या गावाला रांगडं म्हणून सोडून द्यायचं हे मी ऐकून घेणार नाही.

आणि गाणं. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांचे दरबार गायक होते. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची ती अवघड, पेचदार गायकी आमच्या गावात राहिली, वाढली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याच शिष्या. त्यांचे मुलगे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ, मंजीखाँ गेल्यावर मल्लिकार्जुन मन्सूर शिकले ते भुर्जीखाँसाहेबांकडे. सुधीर फडके जन्मले कोल्हापुरात. शेजारी मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी आहेत, अख्ख्या देशातले गवई तिथले तंबोरे लावून बसतात. मग गाणं कुठल्या स्टॉलवर पाहिजे?

आप्पांचा देव म्हणजे बाबूराव पेंटर. सुताराच्या घरातला माणूस, नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा नाद लागला आणि कॅमेरा स्वतः बनवला. विकत नाही घेतला, बनवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या लोकांनीच १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली, पुण्याला गेली ती नंतर, १९३३ ला. आप्पा ब्रश धुताना म्हणायचे, "आपुन बी पेंटरच की गं."

तर त्या रात्री लाईट गेली. कंदील लावला. आई म्हणाली मी थांबतो वाचायचं (कोल्हापूरच्या बायका 'थांबतो'च म्हणतात, पुण्यात यालाही हसतात), पण आप्पा म्हणाले वाच वाच. ती कंदिलाला पुस्तक लावून वाचतीय आणि मी ऐकण्याच्या नादात स्टेन्सिल उलटी धरली. दोन सहा झाले, नऊ नाहीच. मला वाटलं आता पाठीत बसतोय. आप्पा काहीच बोलले नाहीत. रॉकेलचा बोळा घेऊन तो सहा पुसत बसले, तासभर तरी, तरी फिकट राहिलाच, त्याच्यावरच नऊ घातला. दुसऱ्या दिवशी गॅलरीत मला मॅच दिसलीच नाही, दिसत होता फक्त तो डागाळलेला नऊ. शेवटी शेवटी नऊ नंबरनं समोरचा चान्स घालवला आणि आम्ही हरलो. माझ्यामुळंच झालं म्हणून मी भोकाड पसरलं. तो पोरगा घामानं निथळत आमच्यासमोरनं जाताना थांबला, म्हणाला, "रडू नको पोरी, गोल पायानं हुतोय, नंबरानं न्हाई." मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ १९७४ चं, आमच्या खांडेकरांना मिळालेलं, ते जितकं माझं तितकंच हे वाक्य माझं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आता आपल्याच लोकांचा येतोय. शाहू महाराजांनी बांधलेलं १९१५ चं थिएटर, केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक नट केशवरावांची जयंती. मी पुण्यात मोबाईलवर बघत होते आणि आप्पांना फोन लावायची हिंमत होईना. शेवटी त्यांनीच केला. नुसतं म्हणाले, "जळतंय गं." मग बराच वेळ दोघंही गप्प. तिथला पडदा, तिथली लाकडं, सगळं. पुन्हा बांधतील, बांधायलाच पाहिजे, पण जे होतं ते आपण सांभाळलं नाही आणि मग बाहेरच्यांनी आपल्याला रश्श्यावरनं ओळखलं तर कुणाला बोलायचं?

मगाशी आप्पांना फोन केला, ऑफिसचं सगळं सांगितलं. रागावतील वाटलं, तर ते म्हणाले, "स्टेन्सिली हायेत अजून. माळ्यावर. काढून ठेवतो."

शनिवारी गावाला जाऊन घेऊन येतेय. शुक्रवारी टेबलावर मधोमध ती सहा-नऊची स्टेन्सिल ठेवणार, कडेला रंगाचा जाड थर बसलेला आहे, पांढरा, निळा, भगवा, इतक्या वर्षांचा. तांबडा-पांढरापण आणणार, आईच्या हातचा. पुण्यात आहात ते सगळे या.