मानेचा पहिला मणका आणि पार्किन्सन्स: एका व्हिडिओला उत्तर

"मावशी, काकांसाठी हे नक्की बघ," असं लिहून माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून एक व्हिडिओ पाठवला. पुढच्या आठ दिवसांत तोच व्हिडिओ आणखी चार ठिकाणांहून आला. एकात तर खाली मराठी मजकूरही जोडलेला होता. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, मूळ मेंदूत नाही, मानेत आहे. कधी काळी पडल्यामुळे किंवा अपघातात मानेचा पहिला मणका, म्हणजे ॲटलस, जागचा हलतो आणि मेंदूचे संदेश तिथे अडतात. कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हाताने दाब किंवा हिसका देऊन मणके बसवणाऱ्याने, तो जागेवर बसवला की कंप थांबतो, गोळ्या कमी होतात. ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांना गुण येतो आणि धोका काहीच नाही.

पाठवणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात खोट नाही, हे मला ठाऊक आहे. ह्यांना चमचा तोंडापर्यंत नेताना बघून भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच "बघितलं, छान" एवढं लिहून विषय सोडून देववेना. मी २६ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि गेली ११ वर्षं ह्यांची शुभंकर आहे. (पार्किन्सन्स असलेल्याला आम्ही शुभार्थी म्हणतो आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. 'पेशंट' म्हणण्यापेक्षा हे शब्द मला फार जवळचे वाटतात.)

मूळ मानेत आहे, हे पहिलं म्हणणं घेते. हा विचार नवा नाही. खुद्द जेम्स पार्किन्सनलाच तसं वाटलं होतं. १८१७ साली लंडनच्या या डॉक्टरने सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं. त्यातले काही तर त्याला नुसते रस्त्यात दिसलेले. मानेच्या वरच्या मणक्यांमधून जाणाऱ्या मज्जारज्जूत बिघाड असावा, असा त्याने अंदाज केला आणि मानेच्या वरच्या भागातून रक्त काढावं, तिथे फोड आणणारं औषध लावावं, असं सुचवलं. पण माणूस प्रामाणिक होता. शवविच्छेदन करायला मिळालेलं नाही, हा केवळ तर्क आहे, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं.

पुढे शवविच्छेदनं झाली आणि तर्क मागे पडला. १९१२ मध्ये जर्मन डॉक्टर लेवी यांना अशा रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींत विचित्र गोळे दिसले. १९१९ मध्ये पॅरिसला त्रेत्याकॉफ यांनी मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या पेशी मरतात, हे दाखवलं. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन किती घटलेलं असतं ते मोजलं. १९६७ पासून लेवोडोपा या, मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या औषधाचे मोठे डोस देऊन माणसं पुन्हा चालू लागली. आजाराचा पत्ता मानेतून मेंदूत सरकला तो असा, कापून, मोजून, तपासून.

कायरोप्रॅक्टिकची वाट मात्र वेगळी. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी ती सुरू केली. ९५ टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या मुलाने १९३० च्या दशकात सगळा भर मानेच्या वरच्या टोकावर आणला. म्हणजे 'दोष ॲटलसमध्ये' हे उत्तर आधीच ठरलेलं होतं. पार्किन्सन्सचा प्रश्न त्याला नंतर जोडला गेला.

पण इतिहास बाजूला ठेवा, आमच्या घरातलंच सांगते. निदानाच्या चार-पाच वर्षं आधी ह्यांना वास येईनासा झाला. फोडणीतला हिंग करपला तरी पत्ता नसायचा. तेव्हा वय झालं म्हणून सोडून दिलं. ते या आजाराचं फार लवकर दिसणारं लक्षण आहे, हे पुढे कळलं. वासाच्या नसा नाकाच्या छपरातून थेट मेंदूत जातात, मानेचा आणि त्यांचा संबंधच येत नाही. मग सरकलेल्या मणक्याने वास कसा जाईल?

दुसरं, गोळीचं. सकाळी सातची गोळी घेतली की पाऊण तासाने ह्यांचा हात सुटतो, शर्टाची बटणं स्वतः लावतात. अकराच्या सुमारास गोळीचा असर उतरतो आणि तीच बटणं डोंगराएवढी होतात. या चार तासांत मणका कुठेही गेलेला नसतो. मानेत वायर दबली असती, तर पोटात गेलेल्या गोळीने ती कशी मोकळी झाली असती? आणि त्या पातळीला मज्जारज्जू खरोखर दबला, तर हातापायांतली ताकद जाते, बधिरपणा येतो, श्वासापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. तो वेगळा आजार आहे.

काही जण यावर जर्मन शरीररचनातज्ज्ञ ब्राक यांच्या २००३ च्या संशोधनाकडे बोट दाखवतात: आजार ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या, खालच्या भागात सुरू होतो, मग मानच झाली ना? नाही. तो भाग कवटीच्या आत, ॲटलसच्या वर आहे, आणि तिथे सापडतात ते पेशींच्या आत साचलेल्या अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाचे थर. ते बाहेरून दाबून निघत नाहीत.

'जुन्या अपघातामुळे' या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे. डोक्याला जबर मार बसून शुद्ध हरपलेल्यांमध्ये पुढे पार्किन्सन्सचं प्रमाण काहीसं जास्त आढळतं. पण तो मार मेंदूला बसलेला असतो. बाकी साठीपर्यंत एकदाही न पडलेला, स्कूटरवरून न घसरलेला माणूस मला दाखवा. शोधला की प्रत्येकाच्या आयुष्यात एक अपघात सापडतोच.

एक्स-रेमध्ये मणका तिरका दिसतो म्हणे. दिसणारच! या आजारात मान पुढे झुकते, शरीर एका बाजूला कलतं. वाकलेल्या माणसाचा फोटो वाकडाच येणार.

आता ते ९० टक्के. या दाव्यामागे काय आहे ते मी शोधलं. २००० साली एका रुग्णाचा अहवाल आला आणि २००४ मध्ये ८१ जणांचा, त्यात पार्किन्सन्सचे ३७. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. उपचार करणारी व्यक्तीच गुण आला की नाही ते नोंदवत होती. या आजारात एवढ्याने काहीच ठरत नाही, कारण इथे आशेचा परिणाम फार मोठा असतो. २००१ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या संशोधकांनी शुभार्थींना औषध म्हणून नुसतं सलाइन टोचलं, तर स्कॅनमध्ये त्यांच्या मेंदूत खरोखरचं डोपामिन सुटलेलं दिसलं. हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. म्हणजे व्हिडिओतला तो आजोबांसारखा माणूस टेबलावरून उठून ताठ चालतो, तेव्हा तो नाटक करत नसतो. त्याला बरं वाटलेलंच असतं. पण ते मणक्यामुळे वाटलं का आणि महिन्याभराने उरलं का, हे व्हिडिओ सांगत नाही. एवढ्या भरवशावर कुणी गोळ्या कमी करू नयेत. लेवोडोपा एकदम बंद केलं तर शरीर लाकडासारखं होतं, ताप चढतो, जीवावर बेतू शकतं.

धोका काहीच नाही, या वाक्याचा मला खरा राग आला. मानेच्या मणक्यांच्या भोकांतून दोन धमन्या वर चढतात आणि ॲटलसच्या मागून वळसा घेऊन कवटीत शिरतात. मानेला जोराचा हिसका बसून त्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं, तर गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. असं क्वचित घडतं, आणि धमनी आधीच फाटल्याने मान दुखते म्हणून लोक कायरोप्रॅक्टरकडे जातात, असंही काही तज्ज्ञ म्हणतात. तो वाद मला मान्य आहे. तरी अमेरिकेतल्या हृदयरोग आणि पक्षाघाताच्या संघटनांनी २०१४ मध्ये सांगितलं की मानेला हिसका देण्याआधी या संबंधाची कल्पना रुग्णाला द्यावी. काही कायरोप्रॅक्टर हिसका देत नाहीत, कानामागे बोटाने हलका दाब देतात; तिथे ही भीती कमी, पण पार्किन्सन्सवर उपयोग होतो याचा पुरावा तिथेही नाही.

आणि आपल्या माणसांची मान साधी नसते. या आजारात हाडं ठिसूळ होण्याचं प्रमाण जास्त, पडणं वारंवार. काहींची हनुवटी छातीला टेकते. ज्यांची डीबीएस, म्हणजे मेंदूत तारा बसवून सौम्य वीज देण्याची, शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्या मेंदूतून निघालेली वायर कानामागून, मानेच्या कातडीखालून छातीतल्या बॅटरीपर्यंत जाते. तिथे हिसका द्यायचा? ह्यांना तरुणपणापासून दाढीनंतर न्हाव्याकडून मान कडकन मोडून घ्यायची सवय होती. निदानानंतर मी ती हट्टाने सोडवली.

मान दुखते, हे मात्र शंभर टक्के खरं. ह्यांचं सुरुवातीचं दुखणं तेच होतं. डावा खांदा आखडला, मान धरली आणि एका डॉक्टरांनी जवळजवळ वर्षभर 'फ्रोजन शोल्डर' म्हणून शेक आणि मलमं दिली. मान आधी दुखली म्हणून ती कारण ठरत नाही. आजाराचा ताठरपणा तिथे आधी पोचला होता. या दुखण्याकडे लक्ष द्यायलाच हवं, आणि कारण दरवेळी निराळं असतं. गोळी उतरताना दुखत असेल तर वेळा लिहून न्यूरोलॉजिस्टना दाखवा. गोळ्यांच्या वेळा बदलून आम्हाला फार फरक पडला. उभं राहिल्यावरच मान आणि दोन्ही खांदे दुखत असतील आणि बसलं-झोपलं की थांबत असतील, तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजा. उभ्याने तो घसरल्यामुळेही असं दुखतं. हाताला मुंग्या, बोटांतली ताकद जाणं, चाल अचानक बिघडणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांतलं काही नवीन दिसलं तर 'पार्किन्सन्सच वाढला' म्हणून बसू नका, मानेचा एमआरआय लागेल का ते विचारा. मणक्याची खरी गादी सरकलेली असू शकते, आणि तिच्यावर योग्य इलाज आहे.

बाकी रोजचं काम फिजिओथेरपिस्टचं. आमच्याकडे टीव्ही डोळ्यांच्या रेषेत वर घेतला, दोन उशांची एक केली, आणि ह्यांना भिंतीला पाठ लावून, डोकं मागे टेकवून, दहा आकडे मोजेपर्यंत उभं करायला शिकवलं. गोळी लागू पडलेली असतानाच. भाच्याने काकांना अमेरिकेला नेऊन उपचारांचा खर्च करायची तयारी दाखवली होती. मी त्याला कळवलं, त्यातल्या थोड्या पैशांत आठवड्यातून दोनदा घरी फिजिओ येईल, तेवढं कर. त्याने लगेच हो म्हटलं. डिसेंबरात तो येतोय. तेव्हा सकाळी आठला काकांना भिंतीशी उभं करून दहा मोजायचं काम त्याचं.