शेडगेंसारखा फॉन्ट कुठे मिळेल?

परवा एका मुलाचा मेसेज आला. राज्य नाट्य स्पर्धेत त्यांच्या ग्रुपचं नाटक आहे, पोस्टर त्याच्या गळ्यात पडलंय. ‘दादा, कमल शेडगेंसारखा फॉन्ट कुठे मिळेल?’ याचं उत्तर मेसेजमध्ये मावत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मित्रा, फॉन्टने ते काम झालेलंच नाही. शेडगेंनी (१९३५–२०२०) टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात नोकरी केली आणि मराठी नाटकांची शेकडो नावं लिहिली, ती एकेक करून, हाताने. फॉन्टमधला ‘क’ एकदा ठरला की लग्नपत्रिकेत तोच आणि तेरवीच्या कार्डावरही तोच. शेडगेंचा ‘क’ नाटकागणिक बदलतो.

माझ्याकडे ते रद्दीतून आले. मामा दादरला राहायचा. दिवाळीत नागपूरला येताना मामी फराळाचे डबे मुंबईच्या पेपरात गुंडाळून आणायची, आणि तिच्या घरी नाटकांच्या जाहिरातींचं पान जास्त उरायचं की काय कोण जाणे, बरेचदा तेच असायचं. चकलीच्या तेलाने अर्धपारदर्शक झालेल्या त्या पानावर जाहिराती खेटून बसलेल्या. तरी काही नावं हाक मारल्यासारखी वर यायची. ती कोणाच्या हातची, हे मला फार उशिरा कळलं.

आता त्या पानाची अडचण बघ. कागद पेपरचा, शाई पसरणार. बारीक रेघ तुटते, ‘ब’ किंवा ‘ष’च्या पोटातली जागा भरून जाते. रंग एकच, काळा. शेजारच्या चौकटीत दुसरं नाटक. अशा ठिकाणी अक्षरात दम लागतो, पोट मोकळं लागतं. आपण ज्याला त्यांची स्टाईल म्हणतो, त्यातलं बरंचसं त्या कागदाने मागून घेतलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे न कळता मी एकदा त्यांची नक्कल केली. एका हौशी संस्थेच्या एकांकिकेच्या नावात ‘गर्दी’ हा शब्द होता. मी ‘दी’ची वेलांटी ओढत पार ‘ग’च्या मागे नेली, तिला गाठ मारली, टोकाला फराटा दिला. चार रात्री घालवल्या. पोस्टर नागपूरच्या सायंटिफिक सभागृहाच्या दारात लागलं आणि प्रयोगाला आलेल्या एका काकांनी विचारलं, ‘भाऊ, ‘गादी’ नावाचं नाटक आहे का जी?’ रफार वेलांटीत बुडाला होता आणि माझा फराटा काना झाला होता. घरी आल्यावर मी फराळाच्या पेपरांची जपून ठेवलेली जुनी कात्रणं काढली आणि पहिल्यांदा त्यांच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला.

डोळ्याने बघताना सगळंच नाव नाचताना दिसतं. पेन्सिल फिरवली की कळतं, नाचतंय एकच अक्षर, फार तर एक उकार. बाकीची अक्षरं शांत उभी आहेत, शिरोरेषा त्यांना धरून आहे. कुठे वळायचं हे नाव वाचून ठरवलंय आणि मग हात आवरलाय. हे आवरणं मला आजही पूर्ण जमत नाही.

ट्रेस करताना स्वतःच्या हाताकडेही बघ. आपल्या नागपुरात हिंदी-मराठी पाट्या भिंतीला भिंत लावून असतात, त्यामुळे आपला ‘ल’ आणि ‘श’ कधी हिंदी वळणाचा होतो ते आपल्यालाच कळत नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सांगितलाय. बऱ्याच नव्या फॉन्टांमध्ये ही रूपं आतच असतात, भाषा मराठी निवडली की बाहेर येतात. निदान मराठी नाटकाच्या पोस्टरवर तरी ती दिसावीत.

आणि सगळं मुंबईकडूनच शिकायचं असंही नाही. हिवाळ्यात कधी वडसा, ब्रह्मपुरीकडे जा. तिथल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं बघ. लाल, पिवळं, जाड सावली दिलेली अक्षरं. चित्रकलेतली आपली मंडळी त्यांना भडक म्हणून सोडून देतात, ते मला अजिबात पटत नाही. ते पोस्टर एसटीच्या खिडकीतून, धावत्या गाडीतून वाचलं जातं. त्या अक्षराला वाचणारा कुठे उभा आहे हे पक्कं माहीत आहे. फ्लेक्सवर आडवा ताणलेला फॉन्ट बघ, दंड जाड झालेले आणि शिरोरेषा तेवढीच बारीक. तिथे हा विचार कोणी केलेलाच नसतो.

तर फॉन्ट शोधू नकोस. तुमच्या नाटकाची संहिता दोनदा वाच, नाव साध्या अक्षरात वीसेक वेळा लिही आणि रविवारी सकाळी ये. कात्रणं मी काढून ठेवतो, ट्रेसिंग पेपर तू आण. कडक पेन्सिल नको, मऊ आण.