आत्याची वेणी

आत्याला वृद्धाश्रमात ठेवल्याच्या तिसऱ्या आठवड्यात गेले, तर तिचे केस कापलेले. ब्याऐंशीव्या वर्षीही कमरेपर्यंत वेणी होती तिची. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "उन्हाळा आहे ना, मोकळं वाटतं त्यांना." खरं कारण तिला सांभाळणाऱ्या, तिथे कामाला असलेल्या मावशींनी जिन्यात सांगितलं. "ताई, येनी घालायला टाइम कुठाय? अठरा जनी हायेत."

पुण्याजवळचं, पैसे घेऊन म्हाताऱ्यांना सांभाळणारं केंद्र. नाव लिहीत नाही, कारण नंतर आणखी तीन ठिकाणं पाहिली, तिथेही हेच. महिन्याला २८ हजार. बाग, देऊळ, सीसीटीव्ही, सगळं होतं.

साधा हिशेब करा. सकाळी सहा ते नऊ, दोन मावश्या, १८ आज्या. माणशी २० मिनिटं. त्यात डायपर, दात, आंघोळ, कपडे, चहा, नाश्ता, गोळ्या. आत्याला वाटीभर उपमा खायलाच २५ मिनिटं लागायची. अर्धी वाटी परत जायची आणि वहीत नोंद व्हायची, 'नाश्ता घेतला'.

रात्री एकच मावशी. म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी घोटभरच. खुब्याच्या ऑपरेशननंतर आत्या वॉकर धरून बाथरूमपर्यंत जात होती, शेजारी कुणीतरी उभं राहिलं की झालं. तेवढं एक माणूस नव्हतं, म्हणून डायपर आला. दोन महिन्यांत तिचं चालणं सुटलं आणि फाइलवर लिहिलं गेलं 'बेडरिडन'. जणू वयानेच झालं! मग माकडहाडापाशी जखम. झोपून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तिथे सगळ्यांना तोंडपाठ. पण एकटी बाई रात्रभरात किती जणींची बदलणार?

मावशींवर चिडू नका. बारा तासांची ड्यूटी, बदली आली नाही की चोवीस. त्यांना कामाला पाठवणाऱ्या ब्यूरोचं कमिशन वेगळं. जड माणसं उचलून त्यांचीच कंबर गेलेली असते. आत्याला "आक्का, उठा बगू" म्हणत एकटीने बसती करताना त्यांचा चेहरा मी बघितलाय.

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा निराधारांसाठी जिल्ह्याला निदान एक, किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम असावा असं म्हणतो. सगळ्याच केंद्रांना किमान दर्जा ठरवून देणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्याचा कायदा झालाच नाही. आत्येभाऊ अमेरिकेत असतो. तिथे २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियम केला होता, अशा ठिकाणी दर माणशी दिवसाला ३.४८ तास, म्हणजे जवळपास साडेतीन तास, शुश्रूषा मिळालीच पाहिजे. चालकांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने तो रद्द केला. माणसं ठेवायचा खर्च नको असतो, डॉलरमध्येही.

आणि मी? जागा बघायला गेले तेव्हा खोलीत ऊन येतं का ते विचारलं, जेवणात भाकरी असते का ते विचारलं. रात्री किती माणसं असतात हे विचारायचं सुचलंच नाही.

तेव्हा 'एखादं चांगलं ठिकाण सुचव' असे मेसेज करणाऱ्यांनो, नाव माझ्याकडे नाही. एवढंच करा. रात्री नऊनंतर, न कळवता जा. आत सोडणार नाहीत कदाचित, नाही तर नाही. बेल वाजवा आणि दार कोण उघडतंय ते बघा. वरच्या मजल्यावरची मावशीच धापा टाकत खाली आली, तर तेवढा वेळ वर कुणीच नव्हतं.