‘हे वयच असं असतं’ म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या चौदा वर्षांच्या मुलीने नॉनव्हेज सोडल्याचे जाहीर केले आहे, आणि घरातल्या सर्वांनी मिळून असे ठरवले आहे की तिच्याकडे अजिबात लक्ष द्यायचे नाही, म्हणजे थोड्या दिवसांत ती आपोआप ताळ्यावर येईल. ‘अगं, हे वयच असं असतं. आज हे खूळ, उद्या दुसरं,’ असे मैत्रीण हसत हसत म्हणाली. फोनवर मी फारसे बोलले नाही, परंतु फोन ठेवल्यापासून दुसरे काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ती ही पोस्ट वाचणार, हे मला ठाऊक आहे. तिने ती वाचावीच.

मी स्वतः पंधराव्या वर्षी मांस आणि मासे सोडले. त्यामागे कोणते तत्त्वज्ञान नव्हते. आपण खातो आहोत ते कुणाचे तरी शरीर आहे, हा विचार एकदा जेवताना मनात आला आणि नंतर तो गेलाच नाही, एवढेच. घरात कुणी आरडाओरडा केला नाही. त्यानंतर काही दिवसांनी माझी आत्या राहायला आली. तिने पहिल्या दिवशी रश्श्यातले तुकडे डावाने बाजूला सारून मला नुसता रस्सा वाढला आणि म्हणाली, ‘तुकडे काढलेत, आता यात काय आहे?’ मी तो खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मांस शिजवलेले पाणी डाळीत घातले, ती डाळ मला आग्रहाने वाढली आणि माझे ताट रिकामे झाल्यावर सर्वांसमोर विचारले, ‘खाल्लंस की! झालं का काही?’ ताटाभोवतीची सगळी माणसे हसली. माझे वडीलही हसले.

ते हसू मला आजही जसेच्या तसे ऐकू येते, आणि आज दुपारी फोनवर मी ते पुन्हा ऐकले. डाळीत काय होते याचे मला त्या वयातही फारसे वाटले नव्हते. मी विचार करून काहीतरी ठरवले आहे, हे त्या खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाला खरे वाटले नव्हते, त्याचे मात्र वाटले. त्यानंतर कितीतरी दिवस मी माझ्यासमोर न शिजलेले काहीही खाल्ले नाही. मग त्यावरही ‘किती संशयी झाली आहे’ अशी चर्चा झाली, आणि तो संशय कुणी पेरला हे सर्वजण सोयीस्करपणे विसरले.

माझ्या मित्रयादीतले बहुतेक जण मुलांना मोकळेपणाने वाढवणारे आहेत. मुलांनी स्वतः विचार करावा, प्रश्न विचारावेत, चार लोक करतात म्हणून काही करू नये, हे आपण सगळेच येता-जाता बोलत असतो. मग एखादी मुलगी खरोखरच असा विचार करते, त्यासाठी स्वतःला आवडणारा पदार्थ सोडते आणि इतर कुणालाही काही सोडायला सांगत नाही, तेव्हा आपल्याला तिच्यात केवळ तिचे वय का दिसते? याच मुलीने उद्या पहाटे उठून धावायला जायचे ठरवले असते, तर ह्याच घराने तिच्या निश्चयाचे कौतुक नातेवाइकांना फोन करकरून सांगितले असते.

आणि वयाचेच म्हणाल, तर इतिहास या बाबतीत मुलांच्या बाजूने आहे. पुढे अमेरिकेचा मोठा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ झालेला बेंजामिन फ्रँकलिन सोळा वर्षांचा असताना एक पुस्तक वाचून शाकाहारी झाला. तो तेव्हा थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता, सगळे उमेदवार दुसऱ्या एका कुटुंबाकडे जेवत आणि ह्याच्या वेगळ्या खाण्याबद्दल ह्याला वरचेवर बोलणी खावी लागत. त्याने त्यावर तोडगा काढला. माझ्या जेवणावर जो खर्च करतोस त्याचा निम्मा मला दे, मी माझे पाहतो, असे त्याने भावाला सांगितले. बटाटे आणि भात शिजवायला तो शिकला आणि मिळालेल्या पैशातूनही निम्मे वाचवून त्याने पुस्तके घेतली. सोळा वर्षांच्या मुलाचे हे खूळ असेल, तर असे खूळ प्रत्येक घरात असावे. पुढे एका सागरी प्रवासात तळलेल्या कॉड माशांचा वास आल्यावर त्याचे व्रत मोडले, हेही खरे आहे. मोठ्या माशाच्या पोटात लहान मासे निघताना त्याने पाहिले होते, तेव्हा तुम्ही एकमेकांना खाता तर मी तुम्हाला का खाऊ नये, असा युक्तिवाद त्याने स्वतःशीच केला आणि मनात आलेल्या गोष्टीला कारण शोधून देणारी बुद्धी किती सोयीची असते, असे स्वतःवरच हसून लिहून ठेवले. तेव्हा मुले कधीकधी परत फिरतात, हे मला मान्य आहे. फिरली तर फिरली.

दुसरे उदाहरण डोनाल्ड वॉटसन या इंग्रज मुलाचे. काकांच्या शेतावर डुक्कर मारताना त्याने लहानपणी पाहिले आणि 1924 साली, किशोरवयातच, नव्या वर्षाचा संकल्प म्हणून मांस सोडले. नव्या वर्षाच्या संकल्पांचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. ह्या मुलाने पुढे सुतारकाम शिकवण्याची नोकरी केली, 1944 साली इंग्लंडमध्ये काही सहकाऱ्यांसह व्हीगन सोसायटी (मांसाबरोबर दूध-अंडीही न खाणाऱ्यांची संस्था) स्थापन केली आणि 2005 साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्याचे निधन झाले. ‘हे वयच असं असतं’ हे त्यालाही कुणीतरी म्हणाले असणारच.

इथवर लिहीपर्यंत माझा राग थोडा उतरला आहे, म्हणून वडिलांची बाजूही सांगते. त्या डाळीच्या प्रसंगानंतर मी जेवणाच्या वेळी अबोला धरला होता. एके संध्याकाळी ते मला काही न सांगता आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आता डॉक्टरांकरवी मला मांस खायला लावणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी डॉक्टरांना विचारले, ‘ही मांस खाणार नाही. मग हिला काय कमी पडेल आणि ते कशातून द्यायचं, तेवढं सांगा.’ माझा निर्णय पक्का आहे असे गृहीत धरणारे घरातले ते पहिले वाक्य होते, आणि ते त्याच माणसाच्या तोंडून आले जो त्या दिवशी हसला होता.

मैत्रिणीने विचारायला हवा होता तो हाच प्रश्न आहे, कारण त्याला सरळ उत्तरे आहेत. या वयात शरीर वाढत असते, मुलींची पाळी सुरू झालेली असते, त्यामुळे लोहाची गरज वाढते. अमेरिकेतील शिफारशींनुसार 14 ते 18 वर्षांच्या मुलींना दिवसाला 15 मिलिग्रॅम आणि मुलांना 11 मिलिग्रॅम लोह लागते, आणि शाकाहारी व्यक्तीसाठी हा आकडा सुमारे पावणेदोन पटींहून थोडा अधिक धरतात, कारण वनस्पतींतील लोह शरीरात कमी शोषले जाते. म्हणून डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्यांबरोबर लिंबासारखे आंबट काहीतरी घ्यावे आणि चहा-कॉफी जेवणापासून दूर ठेवावी. कडधान्ये भिजवून मोड आणले की त्यांतले लोह आणि जस्त शरीराला अधिक मिळते. धान्यात जे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा घटक, कमी असते ते डाळीत भरपूर असते, त्यामुळे दिवसभरात दोन्ही पोटात गेली की प्रथिनांची काळजी बरीचशी मिटते. हाडे याच वर्षांत भरतात, म्हणून कॅल्शियमकडे लक्ष हवे. खरी काळजी करायची ती बी-12 या जीवनसत्त्वाची. ते वनस्पतींमध्ये भरवशाच्या प्रमाणात नसते. दूध किंवा अंडी खाणाऱ्यांना ते त्यातून मिळते, आणि मुलगी दूधही सोडणार असेल, तर गोळी किंवा बी-12 मिसळलेले पदार्थ यांना पर्याय नाही. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता लगेच दिसत नाही, आणि हातापायांना मुंग्या येऊ लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

हे सगळे पाहिले जावे, यासाठी घराने मुलीकडे लक्ष द्यावे लागते. ‘लक्षच द्यायचे नाही’ या धोरणात नेमके हेच होत नाही. घरात तिच्यासाठी वेगळे काही होत नाही, मग ती ताटातले मांस वगळून उरलेले खाते, आणि भूक लागली की वेफर्स, बिस्किटे आणि शीतपेये यांवर दिवस काढते. ही सगळी बहुतेक वेळा शाकाहारीच असतात. काही महिन्यांनी तिचा चेहरा उतरला की तोच पुरावा म्हणून तिच्यासमोर ठेवला जातो. आमच्या आत्यानेही हेच केले असते. तिच्या मनात दुष्टावा नव्हता, वाढत्या मुलीचे अंग धरणार नाही अशी तिला भीती होती, हे आज मला दिसते. पण भीती वाटते म्हणून कुणी कुणाच्या ताटात चोरून काही घालू नये.

एक गोष्ट मात्र मैत्रिणीच्या बाजूने मान्य करावीच लागेल. काही मुली शाकाहाराच्या आडून जेवणच कमी करत जातात. मांस गेले, मग तेल गेले, मग रात्रीचे जेवण गेले, आणि सतत वजनाचा विचार सुरू झाला, तर तो आजार असू शकतो आणि तिथे डॉक्टरांकडेच जावे लागते. परंतु हा फरक ओळखायलाही मुलीशी रोज बोलावे लागते.

घरात दोन स्वयंपाक होतात, हेही खरे आहे, आणि ते सहसा आईच्याच वाट्याला येतात. त्यासाठी मुलीला ओट्यापाशी उभे करावे. जिने निर्णय घेतला तिने डाळ शिजवायला, कडधान्य भिजत घालायला शिकावे, यात काही अन्याय नाही. पाकिटांमागची बारीक अक्षरे वाचायचे काम तर तिच्यावरच सोपवावे. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनते, काही चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरलेले असते, हे ती चार दिवसांत घरातल्या सर्वांना शिकवेल. थोडी शिष्टपणे शिकवेल, तेही आपण चालवून घ्यावे. त्या वयात आपण सगळ्यांनीच कशा ना कशावरून जगाला शहाणपण शिकवले आहे.

तर मैत्रिणी, पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि बी-12 तपासून घे, आणि अहवाल तिच्याच हातात दे. तिच्या आजीला आजच सांगून ठेव की रश्श्यातले तुकडे बाजूला काढणे म्हणजे शाकाहार नव्हे. तिला कुणाशी बोलावेसे वाटले तर माझा नंबर दे, मात्र आधी तिला विचार. आणि ज्यांना खाली ‘वनस्पतींनाही जीव असतो’ असे लिहायचे आहे, त्यांनी खुशाल लिहावे. मारली जाणारी जनावरे आयुष्यभर काय खाऊन वाढतात, ते तेवढे सोबत लिहावे.